वाचणारीचं स्टूल

तिनं पट्ट्यावरून सरकणारी सिरपची बाटली उचलली आणि लेबलावरची एक वर्षाच्या मुलांच्या डोसची ओळ पाहिली. घरी लेक नुकताच वर्षाचा झाला होता, म्हणून हल्ली नजर आधी तिथेच जायची. त्या ओळीसमोर दहा वर्षांच्या मुलाचा डोस छापलेला होता.

धावत जाऊन तिनंच पट्टा थांबवायचं लाल बटण दाबलं.

तपासणीच्या खोलीत लेबल दोघींनी मिळून वाचायची पद्धत होती. एकीनं छापील नमुना मोठ्यानं वाचायचा. दुसरीनं मंजूर कागदावर बोट फिरवत ऐकायचं आणि सही करायची. वाचायला नेहमी नवी मुलगी, दाराजवळच्या स्टुलावर. ही येऊन चार महिने झाले होते, तरी सगळे तिला नवीच म्हणत.

ती तरातरा आत गेली आणि नवीला फैलावर घेतलं. एवढं धडधडीत चुकलेलं वाचताना जीभ टाळ्याला चिकटली होती का? लेकरांच्या पोटात जाणारं औषध, काही चाड?

नवीनं मान वर केली नाही.

“त्या ओळीवर थांबले होते मी, ताई. तुम्ही फोनवर होतात. म्हणालात, पुढे वाच.”

तिला आठवलं. सासूबाईंचा फोन होता, बाळ दूध घेत नव्हतं.

“मग पुन्हा सांगायचंस.”

“पहिल्याच दिवशी तुम्ही बजावलंत ना, वाचणारीनं फक्त वाचायचं.”

पाच वर्षांपूर्वी याच स्टुलावर हेच वाक्य तिनंही ऐकलं होतं. तेव्हा संतापानं तिला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

एवढ्यात साहेब फॉर्म घेऊन आले. एकही बाटली बाहेर गेलेली नव्हती, त्यामुळे ते खुशीत होते. चूक नवीच्या नावावर घाला, म्हणाले. कंत्राटी आहे, उद्यापासून येणार नाही, विषय संपला.

“या पोरांना कंपनीबद्दल आपलेपणाच नाही हो.”

तिनं फॉर्म त्यांच्या हातून घेतला.

“साहेब, तिला बसायला धड खुर्ची नाही. ओळखपत्रावर नाव नाही, नुसता आकडा आहे. आपलेपणा तिनं आणायचा कुठून?”

“नमुन्यावर सही तुमची आहे, बाई. नीट विचार करून लिहा,” असं म्हणून साहेब निघून गेले.

तिनं पेन उघडलं. ‘चूक कोणाची’ या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. ‘प्रथम कोणाच्या लक्षात आली’ इथे मात्र पेन अडलं. तिनं फॉर्म नवीपुढे सरकवला.

“इथे तुझं नाव लिही. मला ते माहीत नाही.”

दुपारी दुरुस्त लेबल छापून आलं. ती दाराजवळच्या स्टुलावर बसली. स्टुलाचा एक पाय आखूड होता, तो अजूनही तसाच. मंजूर कागद समोर घेऊन नवी खुर्चीच्या अगदी कडेला टेकली होती.

ती मोठ्यानं वाचू लागली. तिसऱ्या ओळीवर नवीचं बोट थबकलं.

“थांबा,” नवी म्हणाली.

ती थांबली.