थेडी क्रीहनचा खालचा सूर

आयर्लंडमधल्या लाबशीडा गावच्या ॲट्रॅक्टा लिलिसने दार उघडलं ते अर्धंच. डिम्पना हार्टिगनच्या चेहऱ्याकडे न बघता ती आधी तिच्या हातांकडे बघत राहिली.

"तू क्रिस्टी हार्टिगनची मुलगी," ती म्हणाली. "नाही म्हणू नकोस. बोटं तीच आहेत."

"बाबांना ओळखत होता तुम्ही?"

"ओळख कसली! एकदाच आला होता. मोटरसायकलवर, मागे लाकडी पेटी बांधून. आमच्या यांना म्हणाला, पाइपचा सूर जरा उतरलाय, अर्ध्या तासात सरळ करून देतो, फुकट. हे खूश! नंतर जेमतेम दोन वर्षं वाजवले आणि टाकले माळ्यावर. का, तर म्हणे, आता ते आपले वाटत नाहीत." म्हातारीने दार पूर्ण उघडलं. "ये, बघून घे. तुमच्या घरचं कुणीतरी येऊन बघायला हवंच होतं."

 माळ्यावरच्या पेटीत काय सापडणार, हे डिम्पनाला जिना चढण्याआधीच कळून चुकलं होतं.

थेडी क्रीहन हा पावणेदोनशे वर्षांपूर्वी किलरशला राहणारा कारागीर. काखेत भाता दाबून वाजवायचे आयरिश पाइप तो बनवायचा. आयर्लंडच्या मोठ्या दुष्काळाच्या तिसऱ्या वर्षी गेला, आणि त्याच्या हातचे आठच संच मागे राहिले. डिम्पना स्वतः पाइप बनवते. तीन वर्षं ती या आठांची नोंदवही करत होती. चांदीच्या चाव्या, हस्तिदंती कडी यांचं तिला कौतुक नव्हतं. तिला हवा होता चँटर, म्हणजे ज्या नळीवर बोटं फिरतात ती, आणि त्या नळीच्या आतली पोकळी. खाली रुंद, वर निमुळती होत जाणारी ती पोकळी कारागीर स्वतःच्या रीमरने, म्हणजे निमुळत्या धारदार हत्याराने, कोरतो. सूर तिथे असतो, बाकी सगळी सजावट. आणि ती पोकळी कुणी केसभर जरी वाढवली, तरी कोरलेलं लाकूड परत चिकटवता येत नाही.

क्रीहनचा सर्वात खालचा सूर जगापेक्षा थोडा उतरलेला होता. एकटं वाजवणाऱ्याला ते चालायचं. पुढे सगळ्यांना अ‍ॅकॉर्डियनबरोबर वाजवायची हौस आली, आणि जुने चँटर कोरून चढवायची साथच सुरू झाली. पाइपवाल्यांचं हे असंच. वडिलोपार्जित वाद्य देवासारखं जपतील, आणि तेच हातात रीमर घेऊन त्याचा जीव घेतील, वर म्हणतील की साफ केलं.

लिलिसबाईच्या माळ्यावर डिम्पनाने मापाची काडी चँटरमध्ये सरकवली. खालच्या तोंडापासून पाच इंचांवर काडी किंचित अडखळली. बारीक दिवा आत धरल्यावर तिथे लाकडावर गोल ओरखडा दिसला. आधीच्या सहाही चँटरमध्ये तो अगदी त्याच जागी होता. रीमरच्या धारेचा टवका उडालेला असला की असा ओरखडा उठतो, आणि तसा टवका उडालेला रीमर एनिसला तिच्याच कारखान्याच्या भिंतीवर टांगलेला होता. बाबांनी घडवलेला. बारा वर्षांपूर्वी बाबा गेले, तेव्हापासून तो तिचा होता.

सातवा गेला. तिने वहीत तारीख आणि माप लिहिलं, आणि कोणी केलं त्या रकान्यात पहिल्यांदाच बापाचं नाव लिहिलं. लिहिताना तिला बापाचा इतका राग आला की पेन्सिलीचं टोक मोडलं.

आता उरला एकच, डूनबेगच्या मॅलकी कॉन्सिडाइनचा. तिचा गुरू, वय अठ्ठ्याऐंशी. त्याचं आणि बाबांचं हाडवैर. मॅलकीने भर पबमध्ये बाबांना सांगितलं होतं की माझ्या चँटरला हात लावलास तर तो हात घरी घेऊन जाणार नाहीस. म्हणून तर तो चँटर अस्पर्श म्हणून प्रसिद्ध होता. एकोणीस वर्षांची असताना डिम्पनाने त्याची मापं काढून आराखडा छापला होता, आणि आज जपानपासून बॉस्टनपर्यंत क्रीहनचा सूर म्हणून जो वाजतो, तो त्या आराखड्यावरून. तिचं नाव, तिचा धंदा, सगळं त्या एका कागदावर उभं होतं. नोंदवहीसाठी तो एकदा आतून दिव्याने बघायचा, एवढंच बाकी होतं.

ती पोचली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते, पण नोव्हेंबरचं आभाळ इतकं खाली आलं होतं की मॅलकीने दिवा लावला होता. समुद्राचा आवाज भिंतीतून घरात येत होता.

"आलीस? चहा घे," मॅलकी पाव कापत म्हणाला. "पाव आजचाच आहे."

"आधी चँटर बघते, मग चहा."

"गार होईल."

"होऊ दे."

"तू लहानपणापासून अशीच. धीर म्हणून नाही." तो हसला, पण जागचा हलला नाही. "डिम्पना, सात लिहिलेस ना? पुरे की. आठव्यापुढे लिही, म्हाताऱ्याने हात लावू दिला नाही. लोकांना खरं वाटेल. माझा लौकिकच तसा आहे."

तिने वही मिटली. "बाबा इथे आले होते?"

"तुझा बाप या उंबऱ्याच्या आत कधी आला नाही. येशूची शपथ."

"मग घाबरता कशाला?"

 मॅलकीने कपाटाकडे बोट दाखवलं आणि खिडकीकडे तोंड करून बसला.

पेटीतला भात्याचा पट्टा वाळून कडक झाला होता. बोटांच्या सांध्यांमुळे मॅलकीने वाजवणं सोडलं, असं सगळा क्लेअर परगणा सांगत होता. तेच सांधे आत्ता ब्रेडची सुरी सराईतपणे चालवून गेले होते, हे तिने पाहिलं होतं. तिने काडी आत सरकवली. तीन इंच. चार. ती मनातल्या मनात प्रार्थना करत होती, आणि चर्चला जाऊन तिला कित्येक वर्षं झाली होती.

पाचव्या इंचावर काडी अडखळली.

"खोटं बोललात!" ती ओरडली. "आले होते बाबा!"

"नव्हते." मॅलकी तिच्याकडे वळला. "मी गवताच्या माळ्यावरून पडलो, तो उन्हाळा आठव. कमरेचं हाड मोडून आठ दिवस इस्पितळात होतो. सूर देणारी पत्ती नवी घालायची म्हणून चँटर कुणाकडे दिला होता?"

डिम्पना खुर्चीवर बसली. आठवायला काही कष्ट पडले नाहीत. नवी पत्ती घातल्यावरही खालचा सूर उतरलेलाच येत होता, म्हणून तिला वाटलं आत मळ साचलाय. तिने बाबांचा रीमर घेतला आणि हलकेच फिरवला, तीन वेढे. काळपट भुसा पडला. तिने तो मळ समजून फुंकून टाकला. सूर चढला. तिला केवढा आनंद झाला होता! त्याच संध्याकाळी तिने मापं काढली होती.

"मी साफ केला," ती म्हणाली. 

"सगळे हेच म्हणतात गं."

"तीस वर्षं! तीस वर्षं तुम्हाला माहीत होतं! मी आराखडा छापला, बक्षिसं घेतली, तुम्ही समोर बसून टाळ्या वाजवल्यात!"

"काय करणार होतो? लोकांत सांगितलं असतं तर तू पाइपला पुन्हा हात लावला नसतास. चँटर गेलाच होता. पोरगीही घालवायची?" त्याने डोळे पुसले, लपवायचा प्रयत्न न करता. "मला ते वाजवणं जमेना, एवढंच. बोटांचं निमित्त सांगितलं."

 डिम्पनाने वहीचं आठवं पान उघडलं, तारीख घातली, माप घातलं, आणि शेवटच्या रकान्यात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. खाली लिहिलं, छापलेला आराखडा चुकीचा आहे, वापरू नये.

"आता तू रस्त्यावर येशील," मॅलकी म्हणाला.

"येईन. पण खरा आराखडा काढता येईल. कसा होता तो सूर, तुम्ही तरी ऐकलाय. चाळीस वर्षं वाजवलात. गाऊन दाखवा, मी फोनवर धरते. एवढं तरी वाचेल."

तिने फोन टेबलावर ठेवला. मॅलकी ताठ बसला, डोळे मिटले, आणि घशातून खालचा सूर काढला. मान हलवली. थोडा खाली घेतला. थांबला. पुन्हा थोडा वर घेतला.

"नाही," तो म्हणाला. "हा नाही."

तिसऱ्यांदा त्याने तोंड उघडलं, आणि आवाज न काढता तसंच मिटलं. त्याच्या चेहऱ्यावर भीती होती. एवढ्या वर्षांत ती तिने त्याच्या चेहऱ्यावर कधी पाहिली नव्हती.

"डिम्पना," तो म्हणाला, "मला वाटलं होतं, माझ्याकडे तरी आहे."