बूट घालून

शनिवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी पंचशील ढवळे मेकअपच्या खुर्चीतून उठला. त्याचा डावा गाल काळा होता, उजवा त्याचा स्वतःचा. प्रयोग सात वाजता होता.

रंगभूषा करणारे रामभाऊ हातात डबी घेऊन तसेच उभे राहिले. डबीत खोबरेल तेलात कालवलेलं काजळ होतं.

"काय झालं भिया? अर्धाच झालाय तू."

"हे कशाला, रामभाऊ?"

"वहीत आहे." रामभाऊंनी वही पुढे केली. नाट्यमंडळाच्या प्रत्येक नाटकातल्या प्रत्येक पात्राचा रंग त्या वहीत लिहिलेला असे, आणि रामभाऊ चाळीस वर्षं वहीप्रमाणे हात चालवत आले होते. 'बावडीचा पहारा' या नाटकाच्या पानावर लिहिलं होतं: हवालदार, काजळ दोन बोटं, मानेपर्यंत. "आजवर चार जणांनी हा रोल केला. सगळ्यांना लावलं. तू तर त्यांच्याहून गोरा आहेस. हवालदार वाटायला पाहिजे ना?"

पंचशीलने टॉवेल उचलला आणि गाल पुसला. काजळ गेलं नाही, फक्त पसरलं.

"मंजिरीताईंना बोलवा," तो म्हणाला.

मंजिरी तांबे तुकोगंजमधल्या एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट होत्या आणि या नाटकाच्या दिग्दर्शक. नाटक त्यांच्या आजोबांचं. बाबूराव तांबे मल्हारगंजात मास्तर होते. त्यांनी १९५७ साली लिहिलेली गोष्ट १९३१ च्या उन्हाळ्यात घडते. पलटणीतून निवृत्त झालेला एक महार हवालदार सरदारांच्या बावडीवर पहारा देतो. त्या विहिरीचं पाणी घ्यायची त्याला मुभा नाही. एके दिवशी घरातली नवी सून पाय घसरून बावडीत पडते. हवालदार उतरून तिला वर काढतो. तिसऱ्या अंकात सरदार सगळी बावडी उपसून शुद्ध करायला लावतात. सून विचारते, "हवालदार, पाणी का उपसताहेत?" तो सांगतो, "मी महार आहे, वहिनीसाहेब, म्हणून."

या वर्षी नाट्यस्पर्धेसाठी हे नाटक काढताना मंडळाच्या बैठकीत हे वाक्य बदललं गेलं. गेल्या वर्षी दुसऱ्या एका मंडळाचा प्रयोग एका जातिवाचक शब्दावरून तक्रार होऊन मध्येच थांबला होता. बैठकीत हवालदाराची जात गाळली, पण मग पाणी उपसायला कारण उरेना. सरदारांचं काम करणारा सुजय म्हणाला, "बुटांनी पाणी घाण होतंच ना भिया. बूट घालून उतरला, असं करा." सगळ्यांना सुटल्यासारखं वाटलं. नवं वाक्य टाइप झालं: "मी बूट घालून उतरलो, वहिनीसाहेब, म्हणून." ती संहिता स्पर्धेकडे गेली आणि प्रत्येक पानावर शिक्का बसून परत आली. शिक्क्याबाहेरचं एक वाक्य बोललं गेलं तरी प्रयोग बाद, असा नियम होता.

मंजिरी आल्या तेव्हा चार पंचवीस झाले होते. त्यांनी पंचशीलचा गाल पाहिला, मग वही पाहिली.

"सॉरी. हे मी बघायला हवं होतं. रामभाऊ, काजळ नको."

"नुसतं काजळ नाही, ताई," पंचशील म्हणाला. "तुम्ही हवालदाराच्या जातीचं नाव गाळलंत आणि रंग ठेवलात. मतलब लोकांनी बघून ओळखायचं, पण बोलायचं कोणी नाही. मला जुनं वाक्य पाहिजे."

"अडीच तास राहिलेत, पंचशील."

"माहीत आहे."

"संहितेवर शिक्का आहे. बावीस जणांनी दोन महिने मेहनत केली आहे. आणि उद्या कोणी पोलिसात गेलं, तर तू जाणार आहेस का उत्तर द्यायला?"

"जाईन. माझ्या आजोबांच्या मेडलवर त्यांच्या रेजिमेंटचं नाव कोरलेलं आहे. तोच शब्द आहे. त्याची तक्रार कोणी केली नाही आजवर."

"मी तो काढला, कारण मला लाज वाटते त्याची," मंजिरी म्हणाल्या. "तो माझ्या आजोबांनी लिहिला, माझ्यासारख्या घरांतल्या लोकांनी स्टेजवर तोंडाला काळं फासून म्हटला. पहिल्या वाचनाला तू समोर बसला होतास. तेव्हा का नाही बोललास?"

पंचशीलने टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकला. भंवरकुआं भागातल्या एका कोचिंग क्लासमध्ये तो गणित शिकवायचा. सहा वर्षांत मंडळाने त्याला पहिल्यांदाच मोठं काम दिलं होतं.

"तेव्हा मला रोल पाहिजे होता," तो म्हणाला.

सुजय दारातून आत डोकावला. "अरे यार, चालू काय आहे? भिया, एका वाक्यासाठी पूर्ण नाटक बुडवणार का? डायलॉग मार, बक्षीस घे, पोहे खाऊ, घरी जाऊ."

"तू बूट घालून जाशील का पोहे खायला?" पंचशीलने विचारलं.

"म्हणजे?"

"तुझ्या बुटांनी कोणाचे पोहे बाटत नाहीत, एवढंच. जा."

पाच चाळीसला मंजिरी सभागृहात गेल्या. पंचशीलची आजी कांताबाई महूहून लवकर येऊन पहिल्या रांगेत बसल्या होत्या. वय ब्याऐंशी, पांढरी साडी, मांडीवर पाण्याची बाटली. मंजिरी त्यांच्या शेजारी बसल्या आणि काही न लपवता त्यांनी सगळं सांगितलं.

"हे नाटक बघितलंय मी," कांताबाई म्हणाल्या. "अठ्ठावन्न साली, महूला, तंबूत. पोस्टातला एक गोरा माणूस हवालदार झाला होता. कानामागे काजळ लावायचं राहिलं होतं, तेवढा भाग दिसत होता. तो ते वाक्य बोलला आणि माझे वडील उठून निघून गेले."

"आणि तुम्ही?"

"मी बसून राहिले. पुढे काय होतं ते बघायचं होतं ना."

"आजी, आज तो शब्द आला तर तुम्हाला चालेल?"

"पोरी, छप्पन साली आम्ही तो शब्द टाकला. आम्ही बौद्ध आहोत. आमच्या घरात कोणी तो बोलत नाही." कांताबाईंनी बाटलीचं झाकण घट्ट केलं. "तुझा हवालदार कोणत्या सालचा?"

"एकतीसचा."

"मग त्याने काय पंचवीस वर्षं थांबायचं बावडीत?"

मंजिरी उठायला लागल्या, तशी कांताबाईंनी त्यांना थांबवलं.

"पण माझ्या नातवाच्या तोंडून तो शब्द ऐकायला मला बरं नाही वाटणार. हे पण लक्षात ठेव. आता तू बघ."

सहा वाजता मंजिरींनी निर्णय सांगितला. काजळ कोणालाही नाही. वाक्य मात्र शिक्क्याचंच. निकाल लागला, की पुढच्या प्रयोगापासून जुनं वाक्य परत घ्यायचं, तसं त्या लिहून द्यायला तयार होत्या.

"ठीक आहे," पंचशील म्हणाला.

"ठीक म्हणजे काय? काम करतोस ना?"

"करतो, ताई."

तो इतक्या लवकर तयार झाला म्हणून मंजिरी प्रॉम्प्टरला बाजूला सारून स्वतः संहिता घेऊन विंगेत बसल्या.

सात वाजून पाच मिनिटांनी पडदा वर गेला. पहिले दोन अंक चांगले झाले. पहिल्या अंकात हवालदाराने आपले पलटणीचे बूट पॉलिश केले, तेव्हा मागून टाळ्या आल्या. तीन परीक्षकांपैकी मधले संहितेच्या प्रतीवर बोट ठेवून ओळ न् ओळ वाचत होते. पंचशीलकडून एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

तिसरा अंक आठ वाजून अडतीस मिनिटांनी सुरू झाला. बावडीतून बाहेर आलेला हवालदार भिजलेला दिसावा म्हणून रामभाऊ दर तालमीत विंगेच्या अंधारात त्याच्या खांद्यांवर बादली ओतायचे. त्यांनी ती ओतली. पंचशील स्टेजवर गेला. रामभाऊ बादली ठेवायला वाकले आणि त्यांच्या हाताला बूट लागले. दोन्ही कोरडे होते. नाड्या एकमेकींना बांधलेल्या होत्या.

ते बूट घेऊन मंजिरींकडे आले. मंजिरींनी बूट पाहिले, मग स्टेजकडे पाहिलं.

पंचशील दिव्याखाली अनवाणी उभा होता. त्याच्या पायांखाली पाण्याचं थारोळं झालं होतं. त्याने नियम मोडला नव्हता, कारण नियम फक्त वाक्यांचा होता. पण बुटांचं वाक्य आता सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खोटं ठरणार होतं, आणि जुनं बोललं तर प्रयोग बाद होणार होता.

सरदारांच्या वेशातल्या सुजयची नजर खाली गेली. त्याने आपलं वाक्य पूर्ण केलं: "उपसा सगळं पाणी. तळ दिसेपर्यंत उपसा." शेवटच्या शब्दाला त्याचा आवाज घसरला.

आता सुनेचं वाक्य होतं. सुनेचं काम करणारी अनुश्री पहिल्यांदाच स्पर्धेत उतरली होती. तिलाही पाय दिसले. तिने विंगेकडे पाहिलं. तिने प्रश्न गाळला असता तर सरदारांचं पुढचं वाक्य तसंच जोडून घेता आलं असतं आणि नाटक पुढे गेलं असतं. गाळण्याला नियमाची हरकत नव्हती. मंजिरींनी हात वर केला असता तर अनुश्रीला तेवढं पुरलं असतं.

मंजिरींच्या एका हातात संहिता होती, दुसऱ्यात बूट. त्यांनी हात वर केला नाही.

"हवालदार," अनुश्री म्हणाली, "पाणी का उपसताहेत?"

पहिल्या रांगेत कांताबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. त्या निघाल्या आहेत, की फक्त उभ्या आहेत, हे विंगेतून कळत नव्हतं. मधल्या परीक्षकांचं बोट ओळीवर थांबलं होतं.

आठ वाजून बावन्न मिनिटं झाली होती. पंचशीलने सुनेकडे पाहिलं, मग आपल्या पायांकडे. दोन्ही वाक्यं त्याला पाठ होती.