दोन छेद पाच

गणिताच्या सरांना मुलं पाठीमागे 'एक्सप्रेस' म्हणत. मधल्या स्टेशनांवर न थांबणारी गाडी. सरांना ते ठाऊक होतं आणि एके काळी त्याची गंमतही वाटे. आता निवृत्ती जवळ आली होती, गुडघे कुरकुरत होते, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पोचेपर्यंत निम्मा जीव जिन्यातच सांडलेला असे. उरलेल्या निम्म्यात अभ्यासक्रम संपवायचा.

त्यात मुख्याध्यापिकाबाईंनी नवीनच काढलं. प्रत्येक शिक्षकाने दुसऱ्याच्या तासाला मागे बसायचं आणि जे दिसेल ते त्याला सांगायचं. सरांच्या वाट्याला चित्रकलेच्या बाई आल्या. नोकरीत नव्या, बोटांना कायम रंग, बोलायला मवाळ.

त्या सरांच्या तासाला मागे बसल्या आणि तास संपल्यावर दोघं शिक्षकांच्या खोलीत आले. चहा केव्हाच निवला होता.

"बोला," सर म्हणाले. "माझं अक्षर वाईट आहे, तेवढं सोडून काहीही सांगा."

बाई हसल्या. मग अवघडून म्हणाल्या, "सर, राग मानू नका. तुम्ही प्रश्न विचारलात की मुलं पेन्सिली खाली ठेवतात."

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांना माहीत असतं, उत्तर तुम्हीच देणार. ते आलं की उतरवून घेतात. एका मुलीने तर तोंड उघडलंही होतं. तुम्ही 'शाब्बास, पाच छेद सहा' म्हणून मोकळे झालात. ती काही बोललीच नव्हती, सर."

सरांना ते झोंबलं. "बाई, चित्रात चुकलं तर आभाळ हिरवं होतं, कुणाचं बिघडत नाही. माझ्या डोक्यावर परीक्षा आहे. एकेकाची वाट बघत बसलो तर वर्ष पुरायचं नाही."

"खरं आहे," म्हणत बाई कप विसळायला उठल्या. त्यांनी वाद घातला असता तर सरांना बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात सरांनी कालचीच बेरीज फळ्यावर लिहिली. एक छेद दोन अधिक एक छेद तीन. "किती होतील?" आणि टक, टक, टक, पेन्सिली बाकांवर पडल्या. इतकी वर्षं हा आवाज कानावर पडत असणार. आज पहिल्यांदा ऐकू आला.

थोडा हट्ट म्हणा, थोडा थकवा म्हणा, सर खुर्चीत बसले आणि गप्प राहिले.

वर्गाला काय करावं कळेना. कुणी खोकलं, कुणी शेजाऱ्याला ढोसलं. शेवटी पहिल्या बाकावरून काळजीने विचारणा झाली, "सर, बरं वाटत नाही का?"

"बरा आहे. वाट बघतोय."

"कुणाची?"

"तुमची."

सरांची जीभ तोंडात वळवळत होती. तेवढ्यात खिडकीजवळून हलकेच आवाज आला, "दोन छेद पाच."

वर्ग फिसकन हसला, कारण उत्तर कालच लिहून झालं होतं. बोलणारी मुलगी शाळेच्या फुटबॉल संघाची गोलरक्षक. तिला सगळे 'भिंत' म्हणत, मैदानावर कौतुकाने आणि वर्गात ती बोलत नाही म्हणून. सरांच्या ओठांवर 'चूक, आधी छेद समान करा' हे वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेलं वाक्य आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"कसं काढलंस?"

"चुकलं, सर."

"ते नाही विचारलं. कसं काढलंस?"

ती बाकाकडे बघत बोलू लागली. "परवाच्या सामन्यात पहिल्या हाफमध्ये माझ्यावर दोन फटके आले. एक अडवला. दुसऱ्या हाफमध्ये तीन आले, त्यातलाही एकच अडवला. म्हणजे पाचातले दोन. आमच्या प्रशिक्षकांनीही तेच सांगितलं. मग इथे पाच छेद सहा कसे? माझ्यावर सहा फटके आलेच नव्हते."

आता कुणी हसलं नाही.

नोकरीभर सरांनी 'दोन छेद पाच'वर लाल फुली मारली होती. आळशी पोरं, वरचे वर आणि खालचे खाली मिळवून मोकळी होतात, असं म्हणत. त्यामागे कुणाचा काही विचार असेल हे मनातही आलं नव्हतं. तीन मजले उतरून खाली यावं आणि चष्मा वरच राहिल्याचं आठवावं, तसं त्यांना झालं.

"तुझा हिशेब बरोबर आहे," ते सावकाश म्हणाले. "फळ्यावरचाही बरोबर आहे. दोन्ही बरोबर कसे, हे तुला पटेल असं मला आत्ता सांगता येत नाहीये. उद्या बघू."

मग वर्गाला कंठ फुटला. ज्याला त्याला काही सांगायचं होतं. घंटा झाली तेव्हा अभ्यासक्रम एक ओळही सरकला नव्हता. जिन्यात मुख्याध्यापिकाबाई भेटल्या. "सर, तुमच्या वर्गातून आज फार आवाज येत होता."

"माझा नव्हता," सर म्हणाले.

घरी बायको नुकतीच इस्पितळातली ड्यूटी संपवून, पाय गरम पाण्यात सोडून बसली होती. सरांनी तिला त्या मुलीचं सगळं बोलणं सांगितलं.

"आज दुसऱ्या कुणाचं बोलणं घरी आणलंत," ती डोळे मिटूनच म्हणाली. "नाहीतर रोज तुमचंच असतं."

"तू ऐकतेस तरी."

"डुलक्या काढते. तुम्हाला कधी फरक कळला नाही."

दुसऱ्या दिवशी सरांनी टेबलावर पाण्याचा पेला ठेवला. "हा अर्धा भरलाय. आणखी ओतलं तर अर्ध्याहून जास्त होईल की कमी?"

"जास्त," वर्ग ओरडला.

"आणि दोन छेद पाच?"

ते थांबले. बोलण्यापेक्षा हे थांबणंच अंगावर येत होतं. गुडघे ठणकत होते. मुलीने बोटांवर काहीतरी मोजलं.

"कमी आहे, सर. अर्ध्याहून कमी." मग बऱ्याच वेळाने, "इथे पेला एकच आहे. माझ्याकडे दोन होते. एक दोन फटक्यांचा, एक तिनाचा."

"हं," सर म्हणाले. याहून जास्त काही बोलायची गरज पडली नाही.

पुढच्या तासाला दुसऱ्या वर्गावर एक्सप्रेस पुन्हा सुसाट सुटली. थांबायला अंगात त्राणच नव्हतं. नंतरही तसंच चाललं. कधी गाडी थांबे, बरेचदा नाही. मागे पडलेला भाग भरून काढायला जादा तास घ्यावे लागले, त्यावर मुलं कुरकुरली आणि सरही.

एकदा मधल्या सुट्टीत त्यांनी डबा उघडला, तर दारात ती मुलगी, सोबत आणखी दोघी.

"सर, एक शंका होती."

सरांनी मोठा उसासा सोडला. "बसा. चार घास खाऊ दे आधी."

त्या बसल्या, पण तिला कुठला धीर. ती सांगायला लागली. सरांच्या तोंडात घास होता. ते सावकाश चावत राहिले.