आधी माझी ओळ, मग समताची

मित्रांनो, जरा डोळे मिटा. एक मोठी पपई उभी चिरली आहे असे समजा. तिचा अर्धा भाग घ्या, आतून पोकळ करा आणि उघड्या बाजूवर लाकडाची पातळ फळी चिकटवा. फळीच्या मध्यभागी नक्षीची गोल जाळी कोरा. आता तिला आखूड मान लावा आणि मानेचे टोक मागे वळवा, इतके मागे की बघणाऱ्याला वाटावे, पडून मोडले की काय! त्यावर पंधरा तारा चढवा. झाले? उघडा डोळे. ती मी. माझे नाव ल्यूट.

चारशे वर्षांपूर्वी युरोपात माझ्यासारखी वाद्ये खूप वाजत. एक जण गाई, एक जण ल्यूट छेडी. बस, एवढ्यात मैफल! पण मी काही तिकडची नाही. मी जन्मले फरीदाबादला, पत्र्याच्या एका शेडमध्ये. तिथे ज्ञानोबा मिस्त्री पंपांच्या ओतकामासाठी लाकडी साचे करीत. एक दिवस दिल्लीच्या मयूर विहार वसाहतीतले पद्माकरकाका हातात ल्यूटचा नकाशा घेऊन आले. काका सरकारी नोकरीत परदेशी होते तेव्हा ल्यूट शिकले होते, आणि आता त्यांना स्वतःची हवी होती. शिसवीच्या अकरा पातळ पट्ट्या गरम नळीवर वाकवून, एकीला एक जोडून माझे पोट करायचे होते.

"साहेब, वाद्य करायचंय की टरबुजाच्या फोडी?" ज्ञानोबांनी विचारले.

पहिल्या तीन पट्ट्या तर कडाकडा मोडल्या. शेवटी मी उभी राहिले, पण कशी? कारखान्यातल्या सवयीने ज्ञानोबांनी मला जाडजूड केले. "असं मजबूत काम केलंय की पोरं वर बसली तरी काही होणार नाही," ते अभिमानाने म्हणाले. काकांनी टिचकी मारली. ठक्क! जणू मी स्टूलच.

"ज्ञानोबा, हिच्यावर बसायचं नाहीये हो कुणी!"

मग ज्ञानोबांनी मला पुन्हा खोलले आणि चार दिवस जीव मुठीत धरून तासले. फळी उन्हासमोर धरली की तिच्यातून लालसर उजेड दिसू लागला. तारा चढल्या. काकांनी एक तार छेडली मात्र, ज्ञानोबांच्या हातातला रंधा खाली पडला. "आयला! ही बोलली की!"

तो दिवस आठवला की अजून माझ्या तारा शहारतात!

काही वर्षे काकांनी मला रोज वाजवले. पण माझी गाणी एकट्याची नसतात, त्यांना गाणारे माणूस लागते, आणि ते काही मिळेना. हळूहळू काकांचे मन उडाले आणि मी भिंतीवरच्या खिळ्याला लटकले. उन्हाळ्यात लू, म्हणजे कोरडा गरम वारा, सुटली की माझ्या खुंट्या सैल होत, पावसाळ्यात त्याच घट्ट बसत. पाहुणे विचारत, "अंकलजी, ये गिटार फूल कैसे गया?" मित्रांनो, तुमच्या घरी एखादे वाद्य असे टांगलेले असेल, तर नुसती धूळ पुसून थांबू नका. त्याला आठवड्यातून एकदा तरी वाजवा. न वाजणाऱ्या वाद्याचे लाकूडही मुके होत जाते.

मग बुद्धपौर्णिमेला खालच्या मजल्यावरची समता खिरीची वाटी घेऊन आली. तिचे बाबा, धम्मपाल, दिल्लीतल्याच एका मंत्रालयात नोकरीला होते. समता आठवीत होती आणि दर रविवारी बुद्धविहारात गायची. तिने वाटी ठेवली आणि सरळ माझ्या तारांवरून बोट फिरवले.

"काका, हिला अशी लटकवून का ठेवलीय? बोअर होत असेल ना यार!"

"मला यार म्हणतेस?" काका हसले. पण आठवड्याच्या आत माझ्यावर नव्या तारा होत्या!

काकांनी तिला एक जुने इंग्रजी गाणे शिकवले. दिल्लीतल्या एका छोट्या सभागृहात जुन्या संगीताचा कार्यक्रम होणार होता. विहाराबाहेर समता कधी गायली नव्हती. तिथे गायचे म्हणून ती नुसती नाचत होती.

पण आमचे जमेना! तिला सवय पेटीची. विहारात ती गाई आणि पेटी तिच्या मागे मागे येई. ती रेंगाळली की पेटीही रेंगाळे, तिने हरकत घेतली की पेटीही घेई. या गाण्यात मात्र माझी ओळ वेगळीच लिहिलेली आहे. समता लाडका सूर धरून बसली की मी पुढे निघून जाई, आणि मग तिला वाटच सापडत नसे.

"काका, ही माझ्या मागे येतच नाही!"

"येणारच नाही ती."

"मग साथ कसली ही?"

कार्यक्रमाच्या संयोजक चंद्रप्रभाबाई तालीम ऐकायला आल्या. त्या म्हणाल्या, "आवाज गोड आहे गं. पण तू एकीकडे, ल्यूट दुसरीकडे. रविवारपर्यंत जमलं तर ठीक. नाहीतर पद्माकरजी, तुम्ही एकटेच वाजवा."

त्या गेल्यावर काकांनी खुर्ची ओढली. "आज तू शब्द म्हणायचे नाहीस. तू ल्यूटची ओळ गा, नुसती दा-दा-दा. तुझं गाणं मी म्हणतो."

"तुम्ही? काका, शेजारी पोलीस बोलावतील!"

काकांचा आवाज खरोखरच फाटलेल्या पोत्यासारखा होता. दोघे हसून हसून बेजार झाले. पण दुसऱ्या ओळीला समता एकदम उडालीच.

"थांबा! ही चाल तर माझी आहे! ही माझ्या आधी म्हणते, आणि मी तिच्यावरून म्हणते?"

"बिल्कुल. आणि तिसऱ्या ओळीत?"

"तिसऱ्यात मी आधी!" ती ओरडली. "अच्छा! आणि मी इतके दिवस समजत होते, ही चुकतेय!"

त्या संध्याकाळी आम्ही ते गाणे सात वेळा गायलो. मी विचारावे, तिने सांगावे. तिने हाक मारावी, मी ओ द्यावी. माझ्या पोटात नुसता आनंद घुमत होता!

रविवारी सभागृह भरले होते. माइकवाल्या भैयाने समतापुढे भलामोठा माइक उभा केला, माझ्याजवळ एक छोटासा. पहिली ओळ आम्ही दोघींनी एकदमच म्हटली आणि तिचा आवाज भिंतीवरच्या स्पीकरमधून धो धो कोसळला. त्यात डोक्यावर पंखे घरघरत होते. दुसरी ओळ आधी माझी. काकांनी तार छेडली. पण तिच्या मोठ्या आवाजाला सरावलेल्या त्या दालनात माझा सूर जाळीबाहेर पडला आणि विरून गेला.

समताने कान टवकारले. तिला काहीच ऐकू आले नाही. ती थांबली.

लोक बघू लागले. चंद्रप्रभाबाई खुर्चीच्या टोकाशी सरकल्या. "गा, गा, मी सांभाळतो," काका पुटपुटले. माझा तर जीव खुंट्यांपर्यंत आला! ही आता गात सुटली असती तरी कुणाला काही कळले नसते.

समताने मान हलवली. "भैया, माइक बंद कर दीजिए प्लीज. और पंखे भी."

मागे कुणीतरी हसले. पंखे घरघरत मंदावले आणि थांबले. समताने माइक बाजूला सारला, स्टूल ओढले आणि इतकी जवळ बसली की तिच्या श्वासाची ऊब माझ्या फळीला लागली.

"काका, दुसरी ओळ," ती हळूच म्हणाली. "आधी हिची."

आणि भरल्या सभागृहासमोर ती गप्प बसून, डोके माझ्याकडे कलते करून, माझा शेवटचा सूर पुरता विझेपर्यंत ऐकत राहिली. मग तिने श्वास घेतला.