लाडाचं कोरगुट

बियाण्याचा विषय निघाला की नार्व्याच्या जयरामचं नाक आपोआप वर जायचं. कोरगुट म्हणजे खाऱ्या पाण्यात तगणारं जुनं भात. लोकांनी ते टाकून सुधारित वाण धरले, तेव्हा याने आईच्या हातचं बी जपलं. त्याबद्दल साखळीच्या सभागृहात त्याला शाल-श्रीफळ मिळालं होतं. ती शाल तो मे महिन्यातल्या लग्नांनाही पांघरून जायचा. घामाने निथळायचा, पण खांद्यावरून काढायचा नाही.

त्याची धाकटी बहीण शेवंती पेडण्याला नदीकाठच्या एका वाड्यावर, छोट्या वस्तीत, दिली होती. तिथल्या खाजनाचा, म्हणजे भरतीच्या पातळीखालच्या शेतांचा, बांध दोन वर्षांपूर्वी फुटला. खारं पाणी आत शिरलं, जवळजवळ सगळी शेतं पडीक राहिली आणि बहुतेक घरांतलं बी संपलं. यंदा बांध उभा राहिला, पण जमिनीतला खार होता तिथेच. आता कोरगुटाशिवाय तिथे दुसरं काही उगवणार नव्हतं, म्हणून वाड्याने देवळात बैठक घेऊन जयरामला मानाने बोलावलं.

बैठकीत शेवंतीनेही आपल्या बियाची पुरचुंडी सोडली होती. बांधाच्या अगदी टोकाला, जिथे खारं पाणी कायम पाझरतं, तिथे तिचा तुकडा होता. दुसरी जमीनच नव्हती, म्हणून बांध फुटल्यावरही ती तिथेच पेरत राहिली. दाणा लालसर, लहानमोठा, लांब कुसळांचा. जयरामने तो तळहातावर घेतला, फुंकर मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ह्यां कोरगुट न्हय गे, शेवंते. ह्यां मिसळ. ह्यां पेरलास तर लोक हसतले."

लोक खरंच हसले. बहिणीला दुखवायचं त्याच्या मनात नव्हतं. एवढी माणसं कान देऊन ऐकत होती आणि त्याला ते गोड लागत होतं, एवढंच. शेवंतीने पुरचुंडीला गाठ मारली. "दादा म्हणता तर तसांच आसतलां," म्हणाली आणि सगळ्यांसाठी चहा ठेवायला गेली.

जयरामचं बी ठरलं. गवताच्या दोरीने गच्च बांधलेल्या त्याच्या बियाण्याच्या मुड्या टेम्पोतून येऊन देवळात रचल्या गेल्या. बी भिजत घालायच्या आधी बांधाच्या राखणदाराला, देवचाराला, गाऱ्हाणं म्हणजे साकडं घालायची तिथली रीत. ज्याचं बी, त्याने गाऱ्हाणं म्हणायचं, असा मानही जयरामलाच मिळाला. तो आदल्या दिवशीच बहिणीकडे मुक्कामाला आला. तिने केलेलं तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं पावाबरोबर दोनदा मागून घेतलं आणि गाऱ्हाण्याची तालीम म्हणून दोनदा खाकरलाही.

संध्याकाळी शेवंतीची मुलगी गौरवी पणजीहून आली. ती तिथे एका संशोधन संस्थेत भातांच्या जनुकांवर काम करायची. मामाच्या आणि आईच्या, दोघांच्याही शेतातली पानं तिने गेल्या पावसात नेली होती. ती चहाही न घेता म्हणाली, "मामा, जरा बांधार येतंस?"

बांधावर वारा होता. गौरवी बांधावरच बसली, मामालाही बसवलं.

"तुझ्या बियाचो निकाल इलो," ती म्हणाली.

"मगे? पयलो नंबर ना?"

गौरवी हसली नाही. "तुझां बी आणि आयचां बी एकाच घरातलां, मामा. आजयेचांच. आय लग्न होवन इली तेव्हा आजयेन तिच्या ओटयेत घातलेलां, तांच ती आजून पेरता. पण तुझ्यात आता कोरगुट थोडांच उरलांहा."

मग तिने समजावून सांगितलं. प्रत्येक जिवाच्या पेशीत त्याच्या पूर्वजांनी काय काय सोसलं याच्या खुणा राहतात आणि आता त्या वाचता येतात. भाताच्या जनुकांत एक तुकडा असतो, मिठाला मुळाशीच थोपवून धरणारा. आईच्या जवळजवळ प्रत्येक रोपात तो सापडला. मामाच्या दहा रोपांत जेमतेम दोनांत. बाकीच्यांत शेजारच्या सुधारित भाताचं रक्त शिरलं होतं.

"आयच्या शेतात पण मिसळ व्हयत," गौरवी म्हणाली. "वारो थंय पण व्हाता. पण ज्येका खार सोसणा नाय तां रोप थंय मरता. दर वर्सा खारच निवड करता. काळोख्या गुहेत पिढ्यानपिढ्या ऱ्हवलेल्या माशांचे डोळे जातत, म्हायत आसा? थंय डोळस काय आणि आंधळो काय, दोगव जगतत. तसां तुझ्या भाताचां झालां. तू तेका खंय पेरतंस?"

 जयराम कुठे पेरतो ते सगळ्या नार्व्याला ठाऊक होतं. आई गेली त्या वर्षी खेकड्यांनी नदीकडचा बांध पोखरला आणि खार आत आला, तेव्हा त्याची पाचावर धारण बसली होती. आईचं बी बुडालं तर? म्हणून त्याने ते वरच्या शेतात नेलं, झऱ्याच्या गोड पाण्यावर. पोटच्या पोरासारखं वाढवलं. एवढ्यावरच थांबला असता तरी बरं होतं. दर वर्षी लोंब्या धरल्या की तो शेतात उतरायचा आणि कुसळांची, लाल, वाकडीतिकडी रोपं आपल्या हाताने उपटून बांधावर गुरांपुढे फेकायचा. टपोरी, गोरी, एकसारखी तेवढी ठेवायचा. पाहुण्यांना दाखवायला ती बरी दिसायची. खरं कोरगुट त्याने गुरांना घातलं होतं आणि भेसळीला शाल पांघरली होती.

कानाच्या पाळ्या पेटल्यागत झाल्या. या पोरीसमोर बांधाखालच्या चिखलात शिरावं असं त्याला वाटलं.

"शेवंतीक म्हायत आसा?"

"नाय. पयलां तुका सांगतंय."

आता माणूस किती हलका होऊ शकतो ते बघा. जयरामने आधी यंत्राची चूक काढली. मग म्हणाला, दहात दोन आहेत ना, मग थोडं तरी उगवेल. मग आवाज खाली आणून म्हणाला, "गौरवी, ह्यां वर्स जावंदी. पाऊस बरो पडलो तर खार धुवन जातलो. फुडल्या वर्सा मिया स्वताच आयचां बी हाडून दितंय. कोणाक कळचां पण नाय."

"आणि पाऊस नाय पडलो तर?"

जयरामने नदीकडे तोंड फिरवलं.

"दोन वर्सां ह्या लोकांच्या घरात स्वताचां भात येवक नाय, मामा. उद्या बी भिजलां की मागे फिराक गावचां नाय. आयकडे दोन वर्सां साठयलेलां बी आसा, अर्ध्या खाजनाक पुरात इतक्या. मिया सांगू शकतंय. पण तू सांगलंस तर बरां."

ती उठून गेली. जेवताना शेवंतीने त्याच्या पानात आणखी भात वाढला तेव्हा त्याला तिच्याकडे बघवेना. "दादा, बरां वाटणा नाय काय?" तिने विचारलं. "उकडता," तो म्हणाला. पान तसंच टाकून उठला.

सकाळी सगळा वाडा बांधावर जमला. मुड्या ओळीने मांडल्या होत्या, त्यांना हळदकुंकू लावलेलं. देवचाराच्या दगडापुढे नारळ आणि रोट ठेवला होता. गाऱ्हाण्यात एकाने म्हणायचं आणि बाकीच्या पुरुषांनी एका सुरात दुजोरा द्यायचा. प्रत्येक बोलाला दुजोरा मिळालाच पाहिजे, नाहीतर तो बोल देवचाराला पोचत नाही. बायका मागे उभ्या राहतात. शेवंतीही तिथेच होती, शेजारी गौरवी. गौरवी त्याच्याकडे बघत होती आणि शेवंती कौतुकाने भावाच्या शालीकडे.

जयरामने शाल खांद्यावरून काढली. कुठे ठेवावी ते कळेना, म्हणून बगलेत मारली. हात जोडले.

"बांधाच्या राखणदारा, देवचारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"खारां पाणी तू अडयतंस, भरतीचो जोर तू सोसतंस, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पुढचा बोल ठरलेला होता: या बियाला बरकत दे.   जयरामने डोळे मिटले आणि तालावरच म्हणाला,

"माझ्या हातचां ह्यां बी खोटां आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सवयीने, एका दमात, छातीच्या जोराने सगळा वाडा ओरडला. मग आपण कशाला दुजोरा दिला ते एकेकाच्या डोक्यात शिरायला लागलं. कुणीतरी "काय म्हटलो?" म्हणून शेजाऱ्याला विचारलं. पुढचे दोघेतिघे मुड्यांकडे बघू लागले. जयरामला वाटलं, अंगावरचे कपडे भर बांधावर कुणी फेडून नेले. पण गाऱ्हाणं अर्धं सोडता येत नाही.

"ह्यां खाऱ्यात जगाचां नाय. मिया तेका गोड्या पाण्यात लाडान नासयलां. जगतलां तां माझ्या भैणीचां बी. आणि तेका मिया भरल्या देवळात मिसळ म्हटलां, तिका हसयलां, म्हाराजा!"

या वेळी दुजोरा आला नाही. पुरुष एकमेकांची तोंडं बघत राहिले. जयराम हात जोडून थांबला. दुजोरा मिळाल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. डोळे उघडायची त्याची छाती नव्हती. त्याला मनातून एकच आशा होती, शेवंती धावत पुढे येईल, "जावंदी रे दादा, तसां काय नाय" म्हणेल आणि हे सगळं इथेच मिटवेल. लहानपणापासून तिने तेच केलं होतं.

मागून, बायकांतून, तिचा आवाज आला. स्वच्छ, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"व्हय म्हाराजा."