बटाट्याची साखर एकशे चार

मंचरच्या हायवेवरच्या त्या हॉटेलचा हॉल रविवार असूनही सकाळी दहालाच भरला होता. जुन्नर, घोडेगाव, सगळीकडून डॉक्टर आले होते. सत्तर तरी असतील. ज्ञानाची ओढ वगैरे काही नाही. डॉक्टरकीची नोंदणी टिकवायची तर अशा व्याख्यानांना हजेरी लावून क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात. आमची रीत ठरलेली: आल्याबरोबर सही, मग मोबाइल, मग जेवण, मग दुसरी सही. मंचरला दवाखाना चालवताना मीही वर्षानुवर्षं तेच करत आलोय.

त्या दिवशी मात्र मोबाइल बाजूला पडले, कारण स्टेजवर चमत्कार चालू होता.

प्रोफेसर सुभाष म्हणून कुणी गृहस्थ (कशाचे प्रोफेसर, हे कुणी विचारलं नाही) ‘नाडीतरंग’ नावाचं यंत्र घेऊन आले होते. लॅपटॉपला जोडलेली एक पितळी दांडी, बस्स. पेशंटचं नाव, वय, उंची, वजन टाइप करून दांडी त्याच्या मुठीत द्यायची आणि मिनिटभरात साखर, यकृत, थायरॉइड सगळं पडद्यावर. सुई नाही की रक्त नाही.

“डॉक्टरसाहेब, प्रत्येक पेशी तरंग सोडते,” प्रोफेसर डोळे मिटून सांगत होते. “तुम्ही रक्त काढता, म्हणजे पाकीट फाडून पत्र वाचता. आम्ही पाकीट न फोडता वाचतो.”

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. खोटं कशाला सांगू, यंत्राच्या बुकिंग यादीत माझं नाव तिसरं होतं.

पुरावा म्हणून त्यांनी हौशीराम नावाच्या साठीतल्या शेतकऱ्याला आणलं होतं. सहा वर्षं इन्सुलिनवर असलेला माणूस. आठवड्यापूर्वी यंत्रानं साखर नॉर्मल दाखवली आणि प्रोफेसरांनी त्याचं इन्सुलिन बंद करून टाकलं. आता सगळ्यांसमोर त्यानं पुन्हा दांडी धरली. पडद्यावर आकडा आला, एकशे चार.

“कसं वाटतंय, हौशीरामभाऊ?”

“लई हलकं वाटतंय,” तो म्हणाला आणि पाण्याची तिसरी बाटली तोंडाला लावली. मग बायकोला, साळुबाईला, खुणेनं सांगून लघवीला गेला. अर्ध्या तासात दुसऱ्यांदा. सारखी तहान, सारखी लघवी: तोंडी परीक्षेत आम्हाला जे हमखास विचारलं जायचं, ते दुखणं आमच्यासमोर चालत होतं, आणि आम्ही एकशे चारचा फोटो काढत होतो.

अध्यक्षांनी घाईनं माइक घेतला. “वेळेअभावी प्रश्न जेवताना विचारूया.” म्हणजे कधीच नाही. शिवाय प्रश्न विचारला की आपल्याला कळलं नाही असं दिसतं, आणि चारचौघांत तसं दिसण्याची डॉक्टराइतकी धास्ती कुणाला नसते.

तेवढ्यात घोडेगावला दोन वर्षांपूर्वी दवाखाना टाकलेली डॉ. रिद्धी उठली. मंचरच्या व्यापारी रमणलाल शेठजींची नात. ती साळुबाईशेजारी जाऊन बसली.

“मावशी, रात्री किती वेळा उठतात हे?”

“धा येळा तरी. अंगबी लई उतरलंय. पन ह्ये सायेब म्हनले, आतली घाण भायेर पडतीया.”

हौशीराम परत येताच रिद्धीनं पर्समधून ग्लुकोमीटर काढून त्याचं बोट टोचलं. चारशे छत्तीस.

“मॅडम, तुमचं मीटर बिघडलंय,” प्रोफेसर हसले.

रिद्धीनं स्वतःचं बोट टोचलं. शहाण्णव. मग तिनं माझ्याकडे वळून हौशीरामसाठी ताबडतोब गाडी मागवायला सांगितली, आणि प्रोफेसरांना म्हणाली, “गाडी येईपर्यंत मला जरा यंत्र वापरू द्या.”

स्वयंपाकघरातून तिनं एक कच्चा बटाटा मागवला. “आम्ही जैन, आमच्या घरात हा येत नाही,” ती म्हणाली, “पण तपासायला हरकत नाही.” बटाट्यात दांडी खुपसली आणि हौशीरामचं वय, उंची, वजन टाइप केलं. साखर एकशे चार. यकृत, थायरॉइड, सगळं अगदी तेच. मग तिनं मनानंच एक नाव टाइप केलं: भागूबाई, स्त्री, वय बत्तीस. अहवाल आला: गर्भाशय सुस्थितीत, मानसिक ताण मध्यम.

“वनस्पतीतही चैतन्य असतं,” प्रोफेसर पुटपुटले.

“गर्भाशयही असतं?”

हॉल हसला. रिद्धी हसली नाही. “दांडीतून बारीकसा करंट जातोय की नाही, एवढंच हे यंत्र बघतं,” ती म्हणाली. “ओलसर काहीही चालतं. आकडे येतात ते आपण टाइप केलेल्या वयावरून आणि वजनावरून. इथे रक्त तपासायचं साधन दहा जणांच्या बॅगेत असेल. एकानंही काढलं नाही.”

माझ्याही बॅगेत होतं. तोंड लपवायला जागा नव्हती.

मागवलेली गाडी येईना, तेव्हा हौशीरामला मीच माझ्या गाडीतून मोठ्या दवाखान्यात नेलं. सलाइन आणि इन्सुलिन सुरू झालं. तिथले डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस गेले असते तर बेशुद्ध होऊनच आला असता. संध्याकाळी तो नीट बोलायला लागला, तेव्हा साळुबाई माझ्याजवळ आली. आवाज चढवला नाही तिनं.

“डाक्टर, तुमी समदे शिकलेलं व्हता ना तितं? मंग आमच्या मालकाकडं कुनीच कसं बघितलं न्हाई?”

मला माझीच किळस आली.

म्हणून हे लिहितोय. अडाण्यांनाच फसवता येतं, ही समजूत सोडा. यंत्र असो, अंगारा असो, स्टेजवरचा कोट असो, ज्याच्या हाती जीव देता त्याला ‘कशावरून?’ असं विचारा. समोर डॉक्टर असेल तर हमखास विचारा. आम्हाला कुणी विचारलं नाही, तर आम्ही बसून टाळ्या वाजवतो.