फुलीचं कारण

आमच्या गावात माझ्या लाल पेनाला सगळी शाळा भिते, आणि एकतीस वर्षं मला त्याचा अभिमान होता. भूमितीच्या सिद्धतेत प्रत्येक ओळीपुढे कंसात कारण लिहायचं, ही माझी सक्त ताकीद. कुणी म्हणालं, त्रिकोण सारखेच दिसतात, तर मी म्हणायचो, "दिसतात? मग डोळ्यांच्या डॉक्टरकडं जा. इथं कारण दे."

गावात आठवीपुढे शाळा नाही. यंदा आठवीतली एकच मुलगी गदगच्या निवासी शाळेत जाणार होती, गणितात जिला जास्त गुण तीच. आठवीतल्याच सहना तळवारची आई गावातल्या खानावळीत ज्वारीच्या रोट्या थापते. मी एकटा माणूस, तिथंच जेवतो.

"सर, पोरगी गेली तर बरं," ती एकदा ताट मांडताना म्हणाली. "नाहीतर मालक म्हणतोय, तिलाही रोट्यांवर बसव."

परीक्षेत मी नेहमीचाच प्रश्न घातला होता. अबक त्रिकोणात अब आणि अक या बाजू समान, तर कोन ब आणि कोन क समान हे सिद्ध करा. शिरोबिंदूतून कोन दुभागणारी रेघ खाली काढायची, दोन तुकडे होतात, ते एकरूप दाखवायचे. पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलंय. सहनानं रेघच काढली नाही. तिनं लिहिलं, त्रिकोण अबक आणि त्रिकोण अकब एकरूप आहेत. मी उभी-आडवी फुली मारली, पाच गुण कापले. तिच्याच वर्गातली श्रुती तीन गुणांनी पुढे गेली आणि तिचं नाव गदगला रवाना झालं.

पेपर वाटले तेव्हा सहना टेबलाशी आली.

"सर, फुली मारलीत, पण कारण लिहिलं नाहीत."

"एकच त्रिकोण दोनदा लिहिलास," मी म्हणालो. "हजेरीत एकच माणूस दोनदा 'हजर' म्हणतो का गं?"

वर्ग हसला. ती हसली नाही. कंपासपेटीतून तिनं कागदाचा कापलेला त्रिकोण काढला, आकृतीवर ठेवला, मग उचलून पालथा केला आणि परत ठेवला. तंतोतंत बसला.

"आता ब वर क आलाय, सर."

"पेपर इथं ठेव आणि जागेवर बस," मी म्हणालो.

मधल्या सुट्टीत तिचं तोंड कायमचं बंद करावं म्हणून मी कारण लिहायला बसलो. अब = अक, दिलेलं आहे. कोन अ, सामाईक. अक = अब, तेही दिलेलंच. दोन बाजू आणि त्यांमधला कोन. बाकोबा कसोटी. चारदा वाचलं, कुठंच भोक सापडेना. रेघेचीसुद्धा गरज नव्हती. खरं सांगतो, लाज वाटली.

हेडमास्तर हिरेगौडरांकडे गेलो. ते म्हणाले, "प्रश्न चुकीचा छापला होता असं लिहा. तुमचं नाव राहील."

मी गदगच्या शाळेला अर्ज लिहिला. सहना तळवारचे पाच गुण वाढवावेत. (कारण : उत्तर बरोबर आहे, तपासणारा चुकला.)

अर्ज गेला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. गुण मान्य, पण जागा भरली.

सुट्टी लागल्यावर मी खानावळीत पेपर घेऊन गेलो. सहना आईशेजारी परातीत पीठ मळत होती. हात पुसून तिनं पेपर घेतला. फुलीवर मी आडवी रेघ मारली होती आणि पुढे कंसात अर्जातलं तेच कारण लिहिलं होतं. तिनं ते सावकाश वाचलं.

"आता बरोबर आहे, सर," ती म्हणाली.

मग पेपर घडी करून तिनं पिठाच्या डब्याखाली ठेवला आणि तव्यावरची रोटी उलटून माझ्या ताटात वाढली.